पाच दिवसांत उगवलेला जंतू

१

पाच दिवसांत क्षयाचा जंतू उगवत नाही. अंड्याच्या हिरव्या माध्यमावर त्याला तीन आठवडे लागतात, कधी सहा लागतात, आणि तोवर प्रयोगशाळेतल्या माणसाने गप्प बसून वाट बघायची असते. डॉ. संध्या मेहरे हे बावीस वर्षं शिकवत आल्या होत्या. म्हणूनच त्या गुरुवारी अकोल्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या आपल्या प्रयोगशाळेत समोर आलेला कागद त्यांनी दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा वाचताना त्यांचा आवाज चढला.

"हा रिपोर्ट कोनं देल्ला तुमाले?"

संध्याबाई चिडल्या की वर्गातली मराठी अशी बाजूला पडायची आणि माहेरची वऱ्हाडी तोंडात यायची.

समोर तिघं बसली होती. धामणगाव रेल्वेजवळ भाजीपाला पिकवणारे वामनराव, त्यांची बायको आशाबाई आणि मधे चोवीस वर्षांची मुलगी प्रणाली. जानेवारीत अमरावतीच्या राजापेठेतल्या एका खासगी दवाखान्यात प्रणालीचं अपेंडिक्स दुर्बिणीने काढलं होतं. ऑपरेशन झकास झालं. महिन्याभराने मात्र बेंबीजवळची जखम पुन्हा उघडली आणि वाहायला लागली. मार्चमध्ये तिथला पू तपासायला गेला, क्षयाचा रिपोर्ट आला आणि गोळ्या सुरू झाल्या. आता ऑक्टोबर होता. जखम अजून वाहतच होती.

"आमच्या डॉक्टरसायबाच्या वयखीच्या ल्याबनं देल्ला," वामनराव म्हणाले. "डॉक्टर अंकुर धर्माळे. देवमानूस हाये जी. दोनदा घरी येऊन गेले पोरीले पाहाले. आता म्हनते, साध्या गोळ्यायले दाद देत नाई तर मोठ्या गोळ्या लावू. पुढच्या शुक्रवारी सुरू करतो म्हने. त्याच्या आंधी इथं तपासून आना, कागद लागते."

संध्याबाईंचं लक्ष प्रणालीकडे गेलं. पोरगी नाव लिहायचा फॉर्म डोळ्यांजवळ नेत होती, पुन्हा लांब धरत होती.

"डोळ्याले काय झालं?"

"काई नाई," आशाबाई घाईने म्हणाल्या. "कमजोरी हाये."

"माय, सांगू दे," प्रणाली म्हणाली. "दोन महिने झाले बाई, मिरची निवडाले बसलो का लाल कोनती अन् हिरवी कोनती, कळतच नाई. बाबानं एक कॅरेट वापस आनलं मंडीतून. सारी मिसळून गेली होती."

संध्याबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. क्षयाच्या त्या गोळ्यांमधली एक गोळी काहीजणांच्या डोळ्यांच्या नसेवर उतरते, आणि पहिल्यांदा घात होतो तो लाल-हिरव्याचाच. दर महिन्याला रंग ओळखायला लावणं एवढंच डॉक्टरने करायचं असतं. सात महिन्यांत कोणी या पोरीपुढे एक रंगीत कागद धरला नव्हता. आणि पुढच्या शुक्रवारी लावायच्या मोठ्या गोळ्यांत आणखी एक तशीच होती, डोळ्यांच्या त्याच नसेवर जाणारी.

त्यांनी तिथल्या तिथे छातीरोगाच्या डॉक्टरांना फोन लावला, ती गोळी त्याच दिवशी बंद करवली आणि प्रणालीला डोळ्यांच्या विभागात धाडलं. मग स्वतःच्या हाताने जखमेतला पू सुईने ओढून घेतला.

जाताना आशाबाई दारात थांबल्या. "बाई, एक इचारू? हिचं ताट आमी सात महिन्यापासून येगळं ठेवलं. नातवायले जवळ जाऊ देत नाई हिच्या. अजून किती दिवस?"

संध्याबाई टेबलाशी परतल्या. त्यांनी टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. नमुना मिळाला, तीन मार्च. रिपोर्ट, आठ मार्च. वाढ क्षयाच्या जंतूची. खाली शिक्का, 'पाहिले, बारा मार्च', आणि डॉ. अंकुर धर्माळेंची झोकदार सही. लॅबची सही ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. ती चंदनची होती, आणि चंदन त्यांच्याच हाताखाली शिकला होता.

२

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी त्यांनी गाडी काढली आणि बडनेरा मागे टाकून दहाच्या आत राजापेठ गाठली. ट्यूशन क्लासच्या जिन्याखाली चंदनची लॅब होती. बाईंना पाहून तो उठून पाया पडायला वाकला, तेव्हा त्या दोन पावलं मागे सरकल्या.

"पाया नंतर पड. आधी हे वाच. क्षयाचा जंतू पाच दिवसांत कसा उगवला?"

चंदनने कागद हातात घेतला. एसीच्या गारव्यात त्याच्या कपाळावर घाम आला.

"तारीख चुकली असेल मॅडम. टायपिंगची चूक. आठ एप्रिल असेल."

"मूळ नोंद दाखव."

"कॉम्प्युटर खराब झाला होता. सगळा डेटा उडाला. जूनमध्ये."

"आणि वाढलेल्या जंतूची नळी?"

"टाकून दिली."

"वा रे वा. नळी टाकली, डेटा उडाला, तारीख चुकली. तुझ्याकडं टिकलं काय?"

हा पोरगा वर्गात हुशार होता. परीक्षेत त्याने याच प्रश्नावर दोन पानं लिहिली होती. त्याच्या हातून अडाणीपणाने असा रिपोर्ट जाणार नाही, हे संध्याबाईंना पक्कं ठाऊक होतं. मग तारीख खरंच चुकली होती का? तसं असेल तर प्रणालीला क्षय असूही शकत होता, आणि आपण सात महिन्यांच्या उपचारावर विनाकारण संशय घेत होतो.

परतीच्या वाटेवर ही शंका त्यांना मूर्तिजापूरपर्यंत पोखरत राहिली. उत्तर फक्त एकजण देऊ शकत होता, तो जंतू स्वतः. आणि त्याला घाई करता येत नव्हती.

सोमवारी सकाळी त्या चपला काढत होत्या तोच त्यांची सहायक आकांक्षा आतून धावत आली.

"मॅडम, धामणगावच्या पोरीची नळी बघा! उगवलं!"

३

गुरुवार ते सोमवार. चार दिवस.

हिरव्या माध्यमावर बारीक, फिकट, ओलसर ठिपके उठले होते. आकांक्षाने काच रंगवून ठेवलीच होती. सूक्ष्मदर्शकाखाली लाल काड्या दिसत होत्या, अगदी क्षयाच्या दिसतात तशा. नुसतं एवढंच बघितलं तर कोणीही फसेल.

"कार्ड लाव," संध्याबाई म्हणाल्या.

उगवलेल्या जंतूचा थेंब कार्डावर टाकला की क्षयाच्या जंतूला दोन रेघा येतात. त्याच्या चुलतभावांना एकच. दोघी पंधरा मिनिटं कार्डाकडे डोळे लावून बसल्या. एकच रेघ आली. दुसरी आलीच नाही. मंगळवारी जनुकांची पट्टी लावली तेव्हा नावही कळलं. पाण्यात, नळात, टाकीच्या बुळबुळीत थरात राहणारा तो झटपट वाढणारा जंतू होता. क्षयाच्याच कुळातला, पण क्षय नव्हे. माणसाकडून माणसाला होत नाही, ताटातून तर नाहीच नाही. क्षयाच्या नेहमीच्या गोळ्या त्याच्या खिजगणतीत नसतात. त्याची औषधं वेगळी.

म्हणजे सात महिने पोरगी भलत्याच रोगाच्या गोळ्या खात होती, घरात वेगळ्या ताटात जेवत होती आणि रोज थोडी थोडी आंधळी होत होती.

"मॅडम, मग चंदनची ती तारीख?" आकांक्षाने विचारलं.

संध्याबाई इतक्या वेळ तेच घोकत होत्या. त्यांनी कागद पुन्हा उघडला. पाच दिवस! गुरुवारपासून त्या या तारखेला खोटं ठरवायला निघाल्या होत्या. पण हाच जंतू मार्चमध्ये चंदनच्या नळीत पाचव्या दिवशी उगवला असणार. तारीख खरी होती. त्या कागदावर तेवढी एकच गोष्ट खरी होती. चंदनने पहिला रिपोर्ट बरोबर दिला होता, आणि नंतर कोणीतरी फक्त जंतूचं नाव बदललं होतं. ज्याला तारखेचा अर्थ कळत नव्हता त्याला ती बदलायचं सुचलंच नाही.

आता प्रश्न एवढाच होता. तो कागद तिघांच्या हातून गेला होता. टाईप करणारा चंदन, कागदाच्या कोपऱ्यात जिची सही होती ती, फाईलला लावणारी ऑपरेशन थिएटरची सिस्टर हर्षा, आणि सही करणारे डॉ. धर्माळे. यातल्या कोणाला पाण्यातला जंतू लपवायचा होता?

शुक्रवारला तीन दिवस उरले होते. बुधवारी पहाटेच त्या पुन्हा अमरावतीला निघाल्या.

४

डॉ. अंकुर धर्माळे उठून उभे राहिले, खुर्ची दिली, चहा मागवला. चाळिशीचा, हसतमुख माणूस. बाहेर बसलेल्या म्हाताऱ्यांना ते नावाने हाका मारत होते.

"मॅडम, मी सर्जन माणूस. जंतूंतलं मला काय कळतं? बारा मार्चला कागद माझ्या हातात आला, नाव वाचलं, उपचार सुरू केला. लॅबने चूक केली असेल तर लॅबला धरा. मी स्वतः सोबत येतो."

बोलणं इतकं सरळ होतं की संध्याबाईंचा क्षणभर विश्वास बसला.

"तुमच्या दुर्बिणी कशाने धुता?"

"औषधात बुडवून ठेवतो. मग निर्जंतुक पाण्याच्या बाटल्या. सिस्टर दाखवतील."

हर्षा सिस्टर पन्नाशीच्या, बोलायला तुसड्या. थिएटरबाहेरच्या खोलीत ट्रे होता, औषधाचा डबा होता, सीलबंद बाटल्या ओळीने मांडल्या होत्या.

"पहिल्यापासून बाटल्याच?"

"बाटल्याच." हर्षाने नजर चुकवली आणि उगाच एक बाटली सरळ केली. "मले काम हाये."

संध्याबाई हात हलवत जिना उतरल्या. खाली पेशंटच्या नातेवाइकांसाठी पिण्याच्या पाण्याचा जार उलटा लावलेला होता. एक पांढऱ्या मिशांचा माणूस खांद्यावरून भरलेला जार उतरवत होता. हे नत्थुजी. जारचा धंदा त्यांचा.

"दमानं भाऊ," संध्याबाई म्हणाल्या. "वरच्या मजल्यावर पन न्या लागते का?"

"आता नाई लागत, देवाची किरपा," नत्थुजी हसले. "पयले एक खाली अन् एक वर थेटरात जाये. गुडघे मोडत होते बाप्पा. मार्चपासून वरचा बंद झाला."

संध्याबाई जागच्या जागी थांबल्या.

"मार्चमध्ये कधी?"

"नऊ तारखेले. पक्कं ध्यानात हाये. माह्या पोरीची हळद होती त्या दिवशी. मी मांडवात, अंगभर हळद, अन् फोन आला का उद्यापासून वर जार आनू नका. पत्रिका दाखवू का? घरी हाये."

"फोन कोनाचा होता?"

नत्थुजींनी वर बोट दाखवलं.

"हर्षा सिस्टरचा."

५

संध्याबाई जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढल्या. हर्षा अजून तिथेच होती.

"सिस्टर, नऊ मार्चले जार काहून बंद केला?"

हर्षाचा चेहरा उतरला. ती स्टुलावर बसली आणि पदराने तोंड पुसू लागली.

"मले फासावर देता का? मी धूत होतो त्या पान्यानं. औषधातून काढली दुर्बीन का जारच्या पान्यात बुडवाची. बाटल्या कमी पडत, सर म्हने आरओचं हाये, शुद्धच हाये. मी बी म्हनलं, आपन पितो, पोराबाळायले पाजतो, त्याच्यापेक्षा शुद्ध काय असते?"

"प्यायचं पानी प्यासाठी असते, सिस्टर. पोटाले चालते थे पोटाच्या भोकाले चालत नाई." संध्याबाईंचा आवाज तरी जरा खाली आला. "बंद करा हे तुमाले कोनं सांगतलं?"

"सरनं. आठ तारखेच्या संध्याकाळी. मी इचारलं काहून, तर म्हने पान्याले वास येते. मॅडम, मी रोज हात घालत होतो त्या पान्यात. वास नव्हता."

संध्याबाई भिंतीला टेकल्या. सगळं त्यांच्यापुढे सरळ उलगडत गेलं. डॉ. धर्माळे म्हणतात कागद बारा मार्चला हाती आला आणि त्यावर क्षय लिहिलेला होता. क्षय जारमधून येत नाही. क्षयाचा रिपोर्ट वाचून जगातला कोणताही डॉक्टर पाण्याचा जार बंद करणार नाही. जार बंद करायला धावेल तो फक्त असा माणूस, ज्याने पाण्यातल्या जंतूचं नाव वाचलंय. आणि ते आठ तारखेलाच, म्हणजे चंदनचा रिपोर्ट निघाला त्याच दिवशी. बारा तारखेचा कागद दुसरा होता. आधीचा कुठेतरी फाडला गेला होता.

हर्षा लबाड नव्हती, घाबरलेली होती. लबाडाने पाण्याला वास येतो ही थाप मारली असती. तिने मात्र वास नव्हता हेच सांगितलं होतं.

"असे वाहत्या जखमेचे पेशंट किती होते, सिस्टर?"

हर्षाने ड्रेसिंगची वही काढून दिली. "डिसेंबर ते मार्चच्या ऑपरेशनातले नऊ जन. जार बंद झाल्यावर एक बी नाई." तिने पान उलटलं. "त्यातल्या चौघायले क्षयाच्या गोळ्या लावल्या सरनं. एवढे दिवस मले हे दिसत होतं मॅडम. मी बोललो नाई."

खालच्या जारचं पाणी संध्याबाईंनी निर्जंतुक बाटलीत भरून घेतलं. पण त्या पाण्याचा निकाल यायला पुन्हा चार दिवस लागणार होते, आणि शुक्रवार परवावर आला होता. त्यांनी वामनरावांना फोन लावला.

"उद्या अमरावतीले या. तिघंही या."

६

गुरुवारी दुपारी डॉक्टरांच्या केबिनमध्ये खुर्च्या कमी पडल्या. वामनराव आल्या आल्या डॉक्टरांच्या पायाशी वाकले. संध्याबाईंना ते बघवलं नाही. चंदन दाराशी उभा होता. त्याला त्यांनी लॅबमधून उठवून, हाताला धरून आणलं होतं.

त्यांनी आपला रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. चार दिवसांत उगवलेला जंतू, कार्डावरची एक रेघ, नत्थुजींच्या घरची हळद, आठ तारखेची संध्याकाळ. त्या बोलत होत्या तसा डॉक्टरांचा हसरा चेहरा आवळत गेला.

"हे सगळे अंदाज आहेत," डॉक्टर म्हणाले. "पहिला रिपोर्ट होता याला पुरावा काय?"

"चंदन," संध्याबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "ही पोरगी लाल मिरची अन् हिरवी मिरची ओळखत नाही आता. तू तिच्याकडे बघून सांग, पहिला रिपोर्ट नव्हता म्हणून."

चंदनने प्रणालीकडे पाहिलं. मग खिशातून मोबाईल काढून टेबलावर ठेवला. आठ मार्च, दुपारचे चार. त्याने डॉक्टरांना पाठवलेला रिपोर्टचा फोटो होता. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, 'झटपट वाढणारा जंतू, क्षय नव्हे, पाण्यातून येण्याची शक्यता.'

"सर म्हणाले, क्षय लिही. खेड्यातली माणसं आहेत, घरात कोणाला असेलच, कोणी विचारणार नाही. हॉस्पिटलचे सगळे नमुने माझ्याकडे येतात, मॅडम. मी नाव बदललं." मोबाईलवरच्या तारखेवर त्याने बोट ठेवलं. "तारीख तशीच ठेवली. वाटलं, ज्याला कळतं असा कोणी वाचेल कधीतरी."

"कोणी वाचेल?" संध्याबाई कडाडल्या. "तुला कळत होतं ना! तू वाचलं होतं! सात महिने तू कोणाची वाट पाहत होता?"

चंदनबद्दल त्यांना जी थोडी माया उरली होती ती त्या दिवशी संपली.

डॉक्टरांच्या पायाला लावलेला हात वामनराव धोतरावर पुन्हा पुन्हा पुसत होते. आशाबाईंनी प्रणालीचा हात धरला होता. "म्हंजे हिचं ताट..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. मग त्या हुंदके देऊन रडायला लागल्या.

"मी मुद्दाम नाही केलं," डॉक्टर घाईघाईने बोलू लागले. "मला कळल्याबरोबर मी जार बंद केला. त्याच संध्याकाळी! नंतर एकही पेशंट बिघडला नाही, वही बघा. लोकांना कळलं असतं तर हे हॉस्पिटल उभं राहिलं असतं का? मी पुढच्या सगळ्यांना वाचवलं, मॅडम."

संध्याबाईंच्या तोंडाशी शिव्या आल्या होत्या, चांगल्या कमावलेल्या, माहेरच्या. पण त्यांच्या आधी प्रणाली उठली. तिला टेबलाची कड नीट दिसली नाही; ती चाचपत पुढे आली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी कालच सांगितलं होतं, गोळी थांबवलीय, नजर परत येईल अशी आशा आहे, खात्री देता येत नाही.

"डॉक्टरसायेब," ती म्हणाली, "जार बंद कराले एकच फोन लागला तुमाले. त्याच दिवशी दुसरा मले काहून नाई केला?"

डॉक्टर टेबलावरचे कागद सारखे करू लागले. बाहेर म्हातारे बसले होते, कंपाउंडर नावं पुकारत होता.

संध्याबाईंना पोलीस, वैद्यकीय परिषद, आरोग्य खातं, सगळीकडे जायचं होतं आणि त्या जाणार होत्या. त्यांचे अर्ज लिहून तयार होते. पण त्यांनी आधी पिशवीतून हर्षाची ड्रेसिंगची वही काढली. प्रणालीचं नाव सोडून आठ नावं होती. त्यांनी डॉक्टरांच्याच टेबलावरचा फोन ओढून घेतला, पहिला नंबर फिरवला आणि डॉक्टरांच्या डोळ्याला डोळा भिडवून उभ्या राहिल्या.

"हॅलो, मानिकबाई का? मी अकोल्याहून डॉक्टर संध्या मेहरे बोलून राहिली. तुमची ऑपरेशनची जखम अजून वाहते का?"

पलीकडे आधी दार लोटल्याचा आवाज आला. मग एक बाई दबक्या आवाजात म्हणाली, "व्हय. पन ड्रेसिंगले जानं बंद केल्यापासून म्या तं कोनालेच सांगतलं नाई. तुमाले कसं मालूम?"